पिवळा दिवा म्हणजे 'रेटा गाडी' नव्हे!



गळीत हंगाम लागला की आपली उसाची वाहने शहराच्या चौकातून जातात. तांबड्याला थांबायचे, हिरव्याला निघायचे, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. घोटाळा होतो तो पिवळ्यापाशी. 'पिवळा हाय तवर काढ गाडी,' असे आम्हीही म्हणत आलो. नियम मात्र उलटा आहे. पिवळा लागताच पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबायचे. पट्ट्याला इतके भिडलो असू की एकदम थांबणे धोक्याचे होईल, तरच पुढे जायचे.

मोटारसायकल चटकन थांबते. भरल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर थांबत नाही. मागचा भार पुढच्याला रेटतो. म्हणून चौक दिसताच वेग कमी करावा. हिरवा असला तरी मागची ट्रॉली चौकाबाहेर पडेल इतकी जागा पुढे मोकळी असेल, तरच शिरावे. पिवळा नुसताच लुकलुकत असेल तर सावकाश, जपून जावे. तांबडा लुकलुकत असेल तर आधी थांबावे, दोन्हीकडे बघावे, मगच निघावे.

एक खेप दोन मिनिटे उशिरा काट्यावर आली म्हणून ऊस काही वाळत नाही. आपला ड्रायव्हर मात्र रात्री घरी पोचलाच पाहिजे.