स्वरांचा हिशेब

नामपूर हे मोसम नदीकाठचे बाजारपेठेचे गाव. येथील व्यापारी घरांत टक्केवारी, व्याज आणि वजनमाप यांचे संस्कार मुलांवर फार लहानपणीच होतात. आता अशा घरांतील मुले हार्मोनियम किंवा की-बोर्डही शिकू लागली आहेत. मात्र पुष्कळदा ती बोटांच्या जागा पाठ करतात. दोन स्वरांमध्ये अंतर किती आणि का, हे त्यांना उमगत नाही. संगीतशास्त्र रुक्ष वाटू लागते ते येथेच. वस्तुतः ते प्रमाणांचे शास्त्र आहे आणि हिशेबाची सवय असलेल्या घराला त्याचे भय वाटण्याचे कारण नाही.

स्वर म्हणजे नियमित कंपन. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर वरचा षड्ज ४८० चा, म्हणजे दुप्पट. पंचम दीडपट, ३६०. शुद्ध मध्यम ३२०. शुद्ध गांधार सव्वापट, ३००. षड्ज बदलला की सर्व आकडे बदलतात, प्रमाणे मात्र बदलत नाहीत. म्हणून गायक काळी एकमध्ये गायला काय किंवा पांढरी चारमध्ये काय, राग तोच राहतो. स्वरांतर म्हणजे वजाबाकी नव्हे, गुणोत्तर होय.

प्रमाणांचा हा शोध आपल्याकडे जुना आहे. स्थानांगसूत्रात सात स्वरांचे विवेचन आहे आणि जैन ग्रंथकार पार्श्वदेव यांचा ‘संगीतसमयसार’ संगीताच्या अभ्यासकांना परिचित आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यांनी बावीस तारांच्या वीणेवर श्रुती मांडून दाखविल्या. हे शार्ङ्गदेव दरबारात हिशेबखात्याचे अधिकारी होते, ही गोष्ट व्यापारी वाचकांस विशेष वाटावी.

पेटीचे चक्रवाढ व्याज

येथे एक अडचण उभी राहते. षड्जापासून पंचमाच्या अंतराने बारा वेळा वर चढत गेल्यास आपण मूळ कंपनांच्या सुमारे १२९.७५ पटीवर पोहोचतो. सात सप्तके चढल्यास ती पट होते १२८. दोन्ही वाटांनी एकाच स्वरावर यावयास हवे; पण ताळेबंद जुळत नाही. युरोपात ही तफावत बारा स्वरांत समान वाटून टाकण्याची रीत रूढ झाली. प्रत्येक पट्टी मागील पट्टीपेक्षा सुमारे ५.९४६ टक्क्यांनी चढी. हे सरळ चक्रवाढ व्याजच! या दराने शंभर रुपये बाराव्या वर्षाअखेर दोनशे होतात, तसा बाराव्या पट्टीवर षड्ज दुप्पट होतो. बहात्तरला सहाने भागून रक्कम दुप्पट होण्याची वर्षे काढणाऱ्यास हे लगेच पटेल.

या सोयीची किंमत मात्र द्यावी लागते. षड्ज २४० असता पेटीचा पंचम ३५९.६ येतो, फरक नगण्य. परंतु गांधार ३०० ऐवजी ३०२.४ येतो. तंबोऱ्यासोबत लक्षपूर्वक गाणाऱ्याच्या कानाला हा चढेपणा जाणवतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने स्वरांची मोजमापे घेतली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशांनीही या कामी रस घेतला. त्यातून श्रुती-हार्मोनियमचा प्रयत्न झाला. पुढे ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. ठरलेले स्वर आणि मींड काढता न येणे, हे तिच्यावरचे मुख्य आक्षेप होते.

याचा अर्थ पेटी टाकून द्यावी असा नव्हे. पाश्चात्त्य संगीतात तीन-चार स्वर एकाच वेळी वाजवून कॉर्ड, म्हणजे स्वरसंघात, तयार करतात आणि चालू गाण्यात आधारस्वरही बदलतात. त्यासाठी समान वाटणीची सोय लागतेच. सा, ग, प हे तीन स्वर एकत्र वाजवा. शुद्ध रूपात त्यांचे प्रमाण ४ : ५ : ६ असे येते. कानाला गोड लागणाऱ्या मेळामागे लहान पूर्णांक असतात, ही केवढी सुंदर गोष्ट! आपले संगीत मात्र एकाच अचल षड्जाच्या आधाराने चालते. तेथे स्वर आपल्या नेमक्या जागी असणे अधिक मोलाचे.

शिकण्याचा क्रम

व्यवसायाने वकील असलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची वर्गवारी दहा थाटांत केली आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीतशिक्षण सर्वसामान्य घरांपर्यंत नेले; पुढे नाशिकमध्येही त्यांनी आश्रम काढला. आज छोट्या गावांतील मुलेही संगीताच्या परीक्षा देतात, ती या दोघांच्या पुण्याईने. मात्र थाटांची नावे पाठ असणे आणि बिलावलचा गांधार कोमल करताच बदलणारा भाव ओळखणे, यांत मोठे अंतर आहे.

म्हणून पालकांनी क्रम उलटा होऊ देऊ नये. प्रथम तंबोऱ्यावर षड्ज स्थिर करावा. मग सा-प, सा-म आणि सा-ग ही अंतरे गळ्यातून काढून घ्यावीत व त्यानंतरच पेटीवर ताडून पाहावीत. थाट त्यापुढे आणि कॉर्ड सर्वांत शेवटी. रोजची पंधरा मिनिटे पुरेत. यंत्रावर बेरीज करण्यापूर्वी तोंडी हिशेब पक्का करून घेण्याची आपल्या पेढ्यांची जुनी रीत होती. स्वरांच्या बाबतीतही तीच रीत हितावह आहे. कारण यंत्राची चूक ओळखावयाची, तर खरे उत्तर आधी आपल्यापाशी असावे लागते.