परिमेय घातांक

परिमेय घातांक म्हणजे परिमेय संख्येच्या, विशेषतः अपूर्णांकाच्या, रूपातील घातांक होय. मूळचिन्हाने दर्शविलेली संख्या अशा घातांकाच्या साहाय्याने लिहिता येते. अ ही धन संख्या, म हा पूर्णांक व न हा १ पेक्षा मोठा पूर्णांक असल्यास, अ च्या म व्या घाताचे न वे मूळ अ^(म/न) असे लिहितात. (येथे ^ या चिन्हापुढील संख्या घातांक आहे.) छेद मुळाची कोटी दर्शवितो व अंश घात दर्शवितो.

व्याख्येमागील कारण

५^३ म्हणजे ५ ही संख्या तीन वेळा घेऊन केलेला गुणाकार. परंतु ५ ही संख्या ‘अर्धा वेळा’ घेण्याला अर्थ नाही. म्हणून ५^(१/२) चा अर्थ घातांकांच्या नियमावरून ठरवितात. पाया समान असताना गुणाकारात घातांकांची बेरीज होते. हा नियम अपूर्णांकांनाही लागू ठेवल्यास ५^(१/२) × ५^(१/२) = ५^१ = ५. ज्या धन संख्येचा वर्ग ५ आहे ती √५; म्हणून ५^(१/२) = √५. याच रीतीने ५^(१/३) म्हणजे ५ चे घनमूळ.

उपयोग

३२^(३/५) काढताना आधी ३२ चे पाचवे मूळ २ घ्यावे व त्याचा घन करावा. उत्तर ८ येते. भिन्न कोटींच्या करण्यांचा गुणाकारही या रूपात सुलभ होतो. ५ चे वर्गमूळ व घनमूळ यांचा गुणाकार ५^(१/२ + १/३) = ५^(५/६), म्हणजेच ३१२५ चे सहावे मूळ होय.

मर्यादा

पाया ऋण असल्यास हे नियम विसंगत ठरू शकतात. −८ चे घनमूळ −२ आहे. मात्र १/३ ऐवजी २/६ हा सममूल्य अपूर्णांक घेऊन आधी वर्ग केल्यास ६४ चे सहावे मूळ, म्हणजे २, मिळते. एकाच राशीच्या अशा दोन किमती टाळण्यासाठी व्याख्येत पाया धन घेतात.

इतिहास

अपूर्णांक घातांकांची कल्पना चौदाव्या शतकात फ्रेंच विद्वान निकोल ओरेम यांच्या लेखनात आढळते. √ हे चिन्ह क्रिस्टोफ रुडॉल्फ यांच्या १५२५ मधील जर्मन ग्रंथात छापले गेले. जॉन वॉलिस यांनी १६५६ मध्ये वर्गमुळाचा घातांक १/२ असल्याचे मांडले. आयझॅक न्यूटन यांनी १६७६ मधील पत्रांतून द्विपद प्रमेय मांडताना अपूर्णांक घातांक वापरले.