महागडी दुर्बीण घेताय? आधी वॉरंटी कार्ड वाचा

1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडे शिकार बंद, त्यामुळे परदेशात शिकाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या उत्तम दुर्बिणी इथे येतात त्या पक्षीनिरीक्षकांच्या गळ्यात. मुंबईत शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी आले, की त्या हमखास दिसतात.

लाखाच्या घरातली दुर्बीण घेताना सगळे काच बघतात, वॉरंटी कुणी वाचत नाही. व्होर्टेक्स या दुर्बीण कंपनीची हमी आजीवन, पावतीचीही गरज नाही. चोरी, हरवणं आणि मुद्दाम केलेली मोडतोड मात्र त्यात येत नाही. पण दुकानदाराला खरा प्रश्न वेगळाच विचारायचा: दुरुस्ती भारतात होते की माल परदेशी जातो? कुरिअर आणि कस्टम ड्युटी कोण भरणार? फोर्टात बोरा बाजारात ‘इम्पोर्टेड पीस’ स्वस्त मिळाला, तरी इथला अधिकृत वितरक तो हातात घेईल का, हे आधी लेखी घ्या.

मुंबईत खरा शत्रू बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात, आणि बऱ्याच कंपन्या ते ‘निगा न राखल्याचं’ नुकसान धरतात. नायट्रोजन भरलेली, सीलबंद दुर्बीण घ्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

जीएसटी बिल, अनुक्रमांकाचा फोटो जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रारीची मुदत 2 वर्षं.