फलटणच्या डोंगरवाटा



फलटण म्हटले की श्रीरामाचे मंदिर आठवते, मुधोजी मनमोहन राजवाडा आठवतो, महाराणी सईबाईंचे माहेर आठवते आणि आषाढीच्या आधी येणारा माउलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो. या यादीत डोंगर मात्र नसतो. फिरायला जायचे ठरले की आम्ही फलटणकर महाबळेश्वरचा रस्ता धरतो. उसाच्या आणि कालव्याच्या मुलखात डोंगर कुठला, असेच बहुतेकांना वाटते. खरे तर शहराबाहेर येऊन दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजावर एक निळसर भिंत उभी दिसते. सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येईल अशा चार वाटा त्या भिंतीवर आहेत. त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

ही भिंत म्हणजे शंभू महादेवाची डोंगररांग. सह्याद्रीपासून फुटून ती पूर्वेला शिखर शिंगणापुराकडे जाते. तिच्या उत्तरेला फलटण तालुका आणि नीरेचे खोरे, दक्षिणेला माण आणि खटाव. उत्तरेकडे कालव्याचे पाणी खेळते, दक्षिणेकडे वर्षानुवर्षे दुष्काळ. दोन्हीकडे पाऊस मात्र बेताचाच, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे इथल्या डोंगरावर दाट जंगल नाही. काळ्या कातळाच्या पायऱ्या, गवताचे माळ, बोरी-बाभळी, हिवर आणि मधूनच धनगरांची मेंढरे असा हा प्रदेश आहे. वर गेले की नजरेला आड येत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य.

माझी सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली. भूकरमापक म्हणून गावोगाव नकाशे घेऊन हिंडलो. त्या निमित्ताने या वाटांची ओळख झाली आणि निवृत्तीनंतर त्या सवडीने चाललो.

पहिली वाट सर्वांत सोपी, मुलांना घेऊन जाण्याजोगी. फलटणहून पुसेगावच्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर ताथवडे हे गाव लागते. गावात बालसिद्धनाथाचे जुने देऊळ आहे आणि डोक्यावर संतोषगड. पायथ्याच्या मठापासून वाट निघते. रमतगमत गेले तरी तासाभरात आपण गडावर असतो. तटाच्या आत गेल्यावर चुकवू नये अशी एक जागा आहे. कातळात खोदलेले पाण्याचे मोठे टाके, त्यात उतरायला पायऱ्या आणि आत तातोबा महादेव. बाहेर ऊन रणरणत असते, चार पायऱ्या उतरले की अंगावर गारवा येतो. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाच्या विजापूरवरील स्वारीत शिवाजी महाराजांच्या फौजेने आदिलशाहीकडून फलटण आणि ताथवडा घेतला. तो ताथवडा म्हणजे हाच किल्ला. वरून खालचा रस्ता पाहिला, की खोऱ्यातून माणदेशाकडे जाणाऱ्या वाटेवर लक्ष ठेवायला ही जागा का निवडली, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी वाट मला सर्वांत प्रिय. फलटणपासून दहा-बारा किलोमीटरवर गिरवी हे गोपाळकृष्णाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तिथून जाधववाडीकडे गेले की समोर वारुगड उभा राहतो. गड माण तालुक्यात, पण त्याची जुनी चढण फलटणच्या बाजूने. चढायला दीड ते दोन तास लागतात. वाट आधी शेतांच्या बांधावरून, मग गवताळ सोंडेवरून आणि शेवटी कातळाच्या कडेने जाते. वर पोहोचल्यावर नवख्या माणसाला आश्चर्य वाटते, कारण गडाच्या माचीवर नांदती वस्ती आहे. तटाच्या आत घरे आहेत, शेते आहेत, भैरवनाथाचे देऊळ आहे. माचीच्या वर छोटा बालेकिल्ला. तिथून खाली गिरवीच्या बाजूचा हिरवा पट्टा आणि पाठीमागे माणचे करडे पठार एकाच वेळी दिसते. पाण्याने माणसाचे नशीब कसे बदलते, हे मान वळवल्यावर कळते.

या वारुगडाला आता माणच्या बाजूने गाडीरस्ता आला आहे. माचीवरच्या लोकांची फार मोठी सोय झाली. आजारी माणूस खाली न्यायला पूर्वी डोलीशिवाय मार्ग नव्हता. रस्ता हवाच होता. मात्र त्यामुळे गिरवीची पाऊलवाट ओस पडू लागली. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तिसरी वाट नदीच्या उगमाची. माण तालुक्यात कुळकजाई गावाजवळ सीतामाईचा डोंगर आहे. गावापर्यंत वाहनाने जावे आणि पुढे चालावे. सीतेच्या वनवासाची कथा इथे सांगतात आणि मकरसंक्रांतीला गावोगावच्या बायका सीतामाईला ओवसायला डोंगरावर येतात. याच डोंगरातून दोन नद्या निघतात. एक बाणगंगा, ती उत्तरेला फलटणकडे येऊन पुढे नीरेला मिळते. दुसरी माणगंगा, ती दुसऱ्या अंगाने उतरून माण, आटपाडी, सांगोला असा कोरडा मुलूख ओलांडते. नीरा भीमेला मिळते नरसिंहपूरजवळ, माणगंगा त्याच्या बरीच खाली, पंढरपूरच्या पलीकडे. म्हणजे एका डोंगरावर पाठ फिरवून निघालेल्या दोन बहिणी शेवटी भीमेच्याच पाण्यात भेटतात. हे नकाशावर वाचणे वेगळे आणि त्या धारेवर उभे राहून पाहणे वेगळे. उतारांवर समतल चरांच्या रांगा दिसल्या, तर घटकाभर थांबून पाहा. २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने माणमधल्या गावांनी श्रमदानाने असे चर मोठ्या प्रमाणावर खोदले. २०१८ साली टाकेवाडीला राज्यात पहिला क्रमांक मिळाला.

चौथी वाट शिखर शिंगणापूरची. देवळापर्यंत गाडी जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण चालणाऱ्याने नातेपुतेमार्गे माळशिरस तालुक्यातल्या कोथळे गावाकडून यावे. तिथून मुंगी घाट चढतो. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडची तेल्या भुत्याची कावड याच घाटाने वर जाते. खडी चढण, खांद्यावर अवजड कावड आणि ती तोलत वर चढवणारी माणसांची साखळी. यात्रेच्या दिवशी तिथे भक्तिभावाने जावे, फिरण्याच्या हौसेने नव्हे, कारण त्या गर्दीत हौशी माणूस अडचणच करतो. इतर दिवशी सकाळच्या वेळी घाट मोकळा असतो. वर गेल्यावर मालोजीराजे भोसल्यांनी बांधलेला तलाव अवश्य पाहावा. पाणी नसलेल्या डोंगरमाथ्यावर यात्रेकरूंची तहान भागवण्यासाठी चारशे वर्षांपूर्वी केलेले ते काम आहे.

आता थोडे हिशेबाचे. किती वेळ लागेल, हे आपण किलोमीटरवरून ठरवतो आणि तिथेच फसतो. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा आडाखा दिला. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. म्हणजे चार किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असेल, तर ४८ मिनिटे अधिक ३० मिनिटे, एकूण ७८ मिनिटे. हा आडाखा थंड हवेचा आणि सराव असलेल्या माणसाचा आहे. आपल्या उन्हात, मुलेबाळे बरोबर असताना, त्याची दीडपट धरावी. वरचा वेळ आणि उतरण्याचा वेळ मोजून, सूर्यास्ताच्या दोन तास आधी आपण पायथ्याशी असू असा बेत करावा.

हंगाम जूनअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. मार्चनंतर कातळ तापतो, तेव्हा सकाळी दहाच्या आत खाली यावे. प्रत्येकाने किमान दोन-तीन लिटर पाणी घरून घ्यावे, टाक्यातल्या पाण्यावर विसंबू नये. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळते आणि त्याची कुसळे कपड्यांत घुसतात, म्हणून जाड कापडाची पूर्ण लांबीची विजार घालावी. दगडांच्या फटीत हात घालू नये, हा फुरशांचा मुलूख आहे. साप चावलाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही करू नये. १०८ ला फोन करावा आणि माणसाला शक्य तितके न चालवता रुग्णालयात न्यावे. कड्याला आग्यामोहोळ दिसले, तर धूर करू नये आणि आरडाओरडा करू नये. एसटीच्या वेळा, विशेषतः परतीच्या, आगारात आधी विचारून घ्याव्यात.

आता मघाचा मुद्दा. पाऊलवाट ही एक विलक्षण वस्तू आहे. रस्ता बांधावा लागतो, पाऊलवाट चालावी लागते. दोन पावसाळे कोणी गेले नाही, की गवत वाढते, ओघळ पडतात, कोणी बांध घालतो, कोणी तारेचे कुंपण ओढतो. मग म्हातारी माणसे सांगत राहतात की इथून वाट होती, पण ती दाखवता येत नाही.

नोकरीत असताना एका गावी मी मोजणीला गेलो होतो. गावाच्या नकाशावर डोंगराकडे जाणारी पाऊलवाट स्पष्ट होती. प्रत्यक्षात तिथे डाळिंबाची बाग. शेतकऱ्याने वाट चोरली होती असे म्हणवत नाही, कारण त्याच्या हयातीत तिथून कोणी चालतच गेले नव्हते. नकाशा दाखवल्यावर तोही चकित झाला.

गावनकाशा हा कागद आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? तो भूमिअभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात दोन तुटक रेषांनी गाडीमार्ग दाखवतात आणि एका तुटक रेषेने पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. म्हणजे आपल्या गावच्या कितीतरी पाऊलवाटा सरकारदरबारी नोंदलेल्या आहेत. कोणी वाट अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. कायदा जुना आहे, पण आजही वापरात आहे. मात्र नकाशात नसलेल्या वाटेने कोणाच्या शेतातून जायचे असेल, तर मालकाला विचारूनच जावे.

या बाबतीत स्वित्झर्लंडचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. आल्प्सच्या चित्रांत आपण बर्फ आणि गाई पाहतो, पण त्या देशाची मोठी संपत्ती म्हणजे चालण्याच्या वाटा. जवळजवळ ६५ हजार किलोमीटर खुणा केलेल्या वाटा आहेत. डोंगरातल्या लहान गावातही चौकात पिवळी पाटी असते आणि तिच्यावर पुढच्या ठिकाणाला चालत किती वेळ लागेल ते लिहिलेले असते. अवघड डोंगरवाटेवर पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्याची खूण. मोटारी वाढल्या, रस्ते डांबरी झाले आणि वाटा नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी मागणी लावून धरली. १९७९ साली सार्वमत झाले आणि पाऊलवाटांचे रक्षण थेट राज्यघटनेत लिहिले गेले. पुढे १९८५ मध्ये कायदा झाला. नोंदलेली वाट बंद करायची असेल, तर तिच्या जागी दुसरी द्यावी, असे त्यात म्हटले आहे.

आपल्याला सार्वमताची गरज नाही. आपल्याकडे वाटा जिवंत राहिल्या त्या कावडीने, ओवशाने आणि वारीने. मुंगी घाट आजही सापडतो, कारण दरवर्षी तिथून कावड जाते. सीतामाईची वाट मळलेली आहे, कारण संक्रांतीला बायका तिथे जातात. गिरवीहून वारुगडाला मात्र असे कोणी जात नाही. ते काम आता आपल्यासारख्या हौशी माणसांनी करायचे आहे. शाळांनी वर्षातून एक सहल डोंगरावर न्यावी. ग्रामपंचायतींनी पायथ्याला एक साधी पाटी लावावी: वाट कुठे जाते, किती वेळ लागतो, पाणी कुठे आहे. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घेऊन एकदा वाट चालावी आणि वळणे, ओढे, खुणेची झाडे वहीत लिहून ठेवावीत. ती माणसे आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.

पावसाळ्यानंतरचा एखादा रविवार निवडा. भाकरी बांधून घ्या, पाणी घ्या आणि गिरवीच्या बाजूने वारुगड चढा. वाट गवतात हरवली असेल, तर वस्तीवर विचारा, कोणीतरी दाखवील. तुम्ही चार जण गेलात, की पाचव्याला ती थोडी अधिक स्पष्ट दिसेल.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)