40,000 ची प्रादेशिक सेना आणि दरवर्षी परतणारे 30,000

भारतीय भूदलाची खडी फौज सुमारे 12 लाखांची. प्रादेशिक सेना, म्हणजे टीए, सुमारे 40,000 ची. शंभरामागे जेमतेम तीन-साडेतीन. ब्रिटनने 2013 मध्ये राखीव सैन्याचा आराखडा नव्याने मांडला, तेव्हा 82,000 नियमित सैनिकांमागे 30,000 प्रशिक्षित राखीव सैनिक असा हिशेब धरला होता. अमेरिकेत आर्मी नॅशनल गार्ड आणि आर्मी रिझर्व्ह यांची बेरीज नियमित सैन्याहून मोठी भरते. संख्येत आपण मागे आहोतच, पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती टीएच्या रचनेची.

1948 चा कायदा आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते झालेले उद्घाटन, यामागची कल्पना साधी होती. नोकरीधंदा सांभाळणाऱ्या नागरिकाने वर्षातले काही आठवडे गणवेश घालायचा आणि बोलावणे आले की हजर व्हायचे. अधिकाऱ्याला आजही वर्षाकाठी दोन महिन्यांचे शिबिर असते. प्रत्यक्षात काय होते? कोल्हापुरात टीएची भरती निघाली की गावोगावची पोरे आदल्या रात्रीपासून मैदानाबाहेर येऊन थांबतात. अर्धवेळ सेवा त्यांच्या मनात नसते, त्यांना कायमची नोकरी हवी असते. आता पेन्शनचा नियम पाहा. जवानाला त्यासाठी 15 वर्षांची प्रत्यक्ष सेवा लागते. वर्षाला दोनच महिने मोजत गेलो, तर ती भरायला 90 वर्षे लागतील! ज्याची पलटण वर्षानुवर्षे तैनात राहते, त्यालाच पेन्शन मिळते. म्हणजे कागदावर तो अर्धवेळ सैनिक आणि वागणूक पूर्णवेळाची, असा हा सांधा कायमचा निखळलेला आहे.

मे 2025 मध्ये हे ठळकपणे दिसले. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार दिले आणि 32 इन्फन्ट्री बटालियनांपैकी 14 तैनात करायला मंजुरी दिली. आदेशाची मुदत 9 फेब्रुवारी 2028 पर्यंतची. त्याच आदेशात अटही होती की अर्थसंकल्पात पैसा असेल किंवा बचतीतून काढता येईल तरच तैनाती करायची, आणि दुसऱ्या मंत्रालयाने पलटण मागितली तर खर्च त्याच्या खात्यावर टाकायचा. राखीव दलाचा पैसा ऐनवेळी शोधावा लागतो, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

समजा, शिरोली एमआयडीसीत दहा कामगारांचे वर्कशॉप आहे आणि तिथला एकुलता एक सीएनसी ऑपरेटर टीएत आहे. त्याला बोलावणे आले की मशीन बंद पडते, ऑर्डर अडकते. कायदा मालकाला सांगतो की त्याला रजा द्या आणि परतल्यावर कामावर घ्या. घेतले नाही आणि प्राधिकाऱ्याचा आदेशही मोडला, तर दंड किती? 1,000 रुपयांपर्यंत. मालकाला भरपाई मात्र काहीच नाही. ब्रिटनने लहान-मध्यम उद्योगांना तैनात कामगारामागे महिना 500 पौंडांपर्यंत द्यायचे ठरवले. तरीही 2018 पर्यंतचे 30,000 चे लक्ष्य गाठता आले नाही, आकडा 27,000 च्या आसपास अडकला. पैसा ओतूनही नवखा नागरिक राखीव दलात आणणे कठीण असते, हे त्यातून कळते.

आपल्याकडे नवख्यांवर अवलंबून राहण्याची गरजच उरलेली नाही. अग्निपथ भरती योजनेच्या पहिल्या वर्षासाठी जाहीर झालेल्या 46,000 जागांपैकी 40,000 भूदलाच्या होत्या. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार, म्हणजे भूदलाच्या एका तुकडीतून निदान 30,000 जण घरी परतणार. एका वर्षाचे परतणारे हे आजच्या अख्ख्या टीएच्या तीन चतुर्थांश आहेत, आणि वयाने पंचविशीच्या अलीकडचे-पलीकडचे. 2022 च्या घोषणेत त्यांच्यासाठी 11.71 लाखांचा सेवानिधी होता, 48 लाखांचा विमा होता. राखीव सेवेची चौकट मात्र नव्हती.

ही संधी आपण एकदा हुकवली आहे. 1976 पासून जवानाची सेवा 17 वर्षांची झाली आणि तरुण प्रशिक्षित माणसे बाहेर पडण्याची वाटच अरुंद झाली. कारगिल आढावा समितीने ती सेवा 7 ते 10 वर्षांवर आणून पुढे जवानांना निमलष्करी दलांत पाठवावे, असे सुचवले होते. माजी सैनिकांवर टीएची पलटण उभी राहते, हे पर्यावरण बटालियनांनी 1982 पासून दाखवले आहे. छत्रपती संभाजीनगरची 136 वी त्यांपैकीच.

परतणाऱ्या प्रत्येक अग्निवीरावर पाच वर्षांची राखीव जबाबदारी ठेवली आणि दरवर्षी तेवढेच बाहेर पडत राहिले, तर पाचव्या वर्षी 1,50,000 माणसे हाताशी असतील. प्रत्येकी 30 दिवसांचे सवेतन शिबिर धरले तर 45 लाख मनुष्यदिवस होतात. पगाराच्या हिशेबाने हे सुमारे 12,300 पूर्णवेळ सैनिकांइतके आहे. शस्त्रे, दारूगोळा आणि प्रशिक्षकांचा खर्च वेगळा, आणि तो लहान नाही. पण या माणसांना रायफल धरण्यापासून शिकवावे लागणार नाही. शिवाय प्रत्येक राखीव तुकडी एखाद्या नियमित पलटणीशी कायमची जोडली, तर शिबिरातले अधिकारी आणि युद्धातले अधिकारी एकच राहतील.

भूदलाची पहिली तुकडी जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षणाला लागली. तिची चार वर्षे 2027 च्या सुरुवातीला भरतात. ती माणसे विखुरली की पत्ते, वैद्यकीय नोंदी आणि सराव, तिन्ही पुन्हा जमवावे लागतील. म्हणून नोंदणी, शिबिराचा भत्ता आणि मालकाची भरपाई यांची तरतूद त्याआधीच व्हायला हवी.