तरंगमबाडीचें ‘नवें यरुशलेम’

श्रोतेहो, तंजावर म्हटलें कीं आपणां मराठी माणसांस व्यंकोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळांत कोरलेला भोसले कुळाचा वृत्तान्त आठवतो. परंतु त्याच भोसल्यांच्या अमदानींत, तंजावरच्या पूर्वेस समुद्रकांठच्या एका लहानशा गांवीं एक वास्तु उभी राहिली, तिची वार्ता आपल्याकडे फारशी पोंचलेली नाहीं. ती वास्तु म्हणजे तरंगमबाडीचें ‘नवें यरुशलेम’ हें ल्यूथरपंथी उपासनामंदिर होय.

प्रथम गांवाची हकीकत सांगतों. १६२० सालीं तंजावरच्या रघुनाथ नायकानें डेन्मार्कच्या वकिलाशीं करार करून हें ठिकाण व्यापारासाठीं डॅनिश लोकांस दिलें. त्यांनीं तेथें डान्सबोर्ग नांवाचा किल्ला बांधला. पुढें नायकांचें राज्य जाऊन १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांचा अंमल सुरू झाला, तेव्हां डॅनिशांचा वार्षिक खंड भोसल्यांच्या दरबारीं जाऊं लागला. गोऱ्या लोकांसाठीं गांवांत १७०१ पासून एक उपासनामंदिर होतें; एतद्देशीयांसाठीं मात्र कांहींच नव्हतें.

९ जुलै १७०६ रोजीं बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइन्रिख प्लुच्याव हे दोन तरुण जर्मन मिशनरी येथें उतरले. त्यांस डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक यानें पाठविलें होतें. राजाची आज्ञा असूनही व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्यांस त्यांचें येणें रुचलें नाहीं. १७०८ सालीं तर गव्हर्नरानें त्सीगेनबाल्ग यास सुमारें चार महिने कैदेंत ठेविलें. त्सीगेनबाल्ग शाळेंतील मुलांच्या शेजारीं बसून वाळूंत बोटानें अक्षरें गिरवीत तामीळ शिकला, असें सांगतात. ज्यानें उभा जन्म फळ्यापुढें काढला, त्या माझ्यासारख्यास ही गोष्ट विशेष प्रिय वाटते. १७१४-१५ मध्यें त्याचा तामीळ ‘नवा करार’ याच गांवीं छापून निघाला.

त्सीगेनबाल्गनें १७०७ सालीं बांधलेलें पहिलें लहान मंदिर मंडळी वाढतांच अपुरें पडलें, आणि समुद्राच्या उपद्रवापुढें तें टिकलेंही नाहीं. म्हणून १७१७ च्या फेब्रुवारींत गांवांतील राजरस्त्यावर नव्या मंदिराचा पाया घातला गेला, आणि ११ ऑक्टोबर १७१८ रोजीं त्याचें समर्पण झालें. पुढें चारच महिन्यांनीं, २३ फेब्रुवारी १७१९ रोजीं, त्सीगेनबाल्ग वयाच्या ३६ व्या वर्षीं वारला. त्याची कबर याच मंदिरांत आहे, आणि पुढल्याच वर्षीं वारलेला त्याचा सहकारी ग्रुंडलर हाही तेथेंच विसावला आहे.

आतां वास्तूकडे पाहूं. इमारत वीट व चुन्याची, बसकी व भक्कम आहे. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर युरोपीय धर्तीची वळणदार कमान उठविलेली असून तींत चौथ्या फ्रेडरिकचें मुकुटांकित मुद्राक्षर आहे. खिडक्या कमानदार आहेत. परंतु खरें लक्ष्य द्यावें तें आराखड्याकडे. मंदिर क्रूसाकार आहे, म्हणजे चार भुजा मध्यभागीं येऊन मिळतात. ल्यूथरच्या पंथांत प्रवचनास मोठें महत्त्व. बोललेला शब्द शेवटच्या माणसास ऐकूं गेलाच पाहिजे. एकच लांबट दालन बांधिलें तर मागचे श्रोते दूर पडतात, आणि फार रुंद दालन बांधिलें तर छत पेलणें अवघड होतें. चार बेताच्या रुंदीच्या भुजा एका चौकास भिडविल्या, कीं छताचा भार भिंतींस झेपतो व मंडळीही प्रवचनकाराच्या जवळ राहते.

परंतु या चार भुजांचा आणखीही एक उपयोग झाला, आणि तो सांगतांना मन खिन्न होतें. पुरुष व स्त्रिया निराळ्या बसत, तशाच स्पृश्य व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बैठकीही निराळ्या राहिल्या. एकाच छपराखालीं, एकच प्रवचन ऐकणाऱ्या माणसांमध्यें रिकाम्या जमिनीचा पट्टा राही. १७३३ सालीं आरोन या वेळ्ळाळ जातीच्या गृहस्थास पाळकपदाची दीक्षा मिळाली; भारतीयांपैकीं तो पहिला ल्यूथरपंथी पाळक. त्याच काळीं राजनायकन नांवाचा, तंजावरच्या सैन्यांत नोकरी केलेला, परैयर जातीचा एक उपदेशक होता. निष्ठेंत तो कोणास हार जाणारा नव्हता. तरीही १७४१ सालीं दुसऱ्या पाळकाची निवड झाली ती दियोगो याची. राजनायकनच्या हातून उच्चवर्णीय प्रभुभोजन घेणार नाहींत, या भयानें मिशनरी कचरले. ज्यांनीं गव्हर्नराची कैद सोसली त्यांच्याच परंपरेंतील माणसें येथें डगमगलीं, हें इतिहासानें विसरूं नये.

या गांवाचा मराठी राज्याशीं आणखी एक धागा आहे. १७५० सालीं तरंगमबाडीस आलेला श्वार्ट्स हा मिशनरी पुढें तंजावरास राहिला व दुसऱ्या सरफोजीराजांचा पालक झाला. १७९८ सालीं तो वारल्यावर राजांनीं लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचें संगमरवरी स्मारक करविलें. मृत्युशय्येवरील गुरूजवळ शिष्य उभा, असें तें शिल्प तंजावरच्या ख्रिस्तमंदिरांत आजही आहे. धर्म बदलला नाहीं, पण गुरुऋण मानलें, हा भोसल्यांचा विवेक स्मरणीय होय.

१८४५ सालीं डॅनिशांनीं तरंगमबाडी इंग्रजांस विकली. बंदराचा व्यापार ओसरला, गांव शांत झालें. २००४ च्या डिसेंबरांत समुद्र गांवावर चालून आला तेव्हां मंदिरासही इजा पोंचली. पुढें दुरुस्ती झाली आणि तेथें तामीळ उपासना पूर्ववत् सुरू झाली.

श्रोतेहो, जुन्या वास्तूंचे आराखडे वाचावयास शिकलें पाहिजे. भिंती कोणी बांधिल्या हें शिलालेख सांगतो. भिंतींच्या आंत कोण कोठें बसलें हें मात्र आपण होऊन विचारावें लागतें. तंजावरास जाल तेव्हां एक दिवस काढून तरंगमबाडीपर्यंत जा, त्या चौकांत क्षणभर उभे राहा, आणि तो प्रश्न अवश्य विचारा.