मेलेला राऊटर उठतो तेव्हा

मंडळी, राऊटर हा शब्द वाचून लगेच पान उलटू नका! गोष्ट आपल्या मराठी शाळेची आहे.

शाळा रविवारी सकाळी दहाला भरते. हिवाळ्यात तेव्हा सांगलीत रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. तिथून एक आजी पडद्यावर येतात आणि मुलांना गोष्ट सांगतात. शाळा तळघरात, तिथे मोबाईलला रेंज नाही. सगळी भिस्त राऊटरवर. तो आम्ही शनिवारी घरी आणला आणि त्याचं सॉफ्टवेअर नवं करायला घेतलं. नेमकी त्याच वेळी वीज गेली! परत आली तेव्हा एक दिवा नुसता मिचमिचत होता. आजींना ‘उद्या नको’ असं कळवायचं आमच्या जिवावर आलं.

मग थोडं वाचन केलं. राऊटरच्या पोटात रोजचं मोठं सॉफ्टवेअर असतं, आणि त्याला उठवणारा एक छोटा बूटलोडर. आमचं मोठं सॉफ्टवेअर अर्धवट लिहिलं गेलं होतं, पण बूटलोडर शाबूत होता. आमच्या मॉडेलमध्ये रीसेटचं बटण दाबून धरून वीज सुरू केली की तो तारेवर हाक मारतो: ‘मी अमुक नंबरचं यंत्र. माझा पत्ता काय? कोणती फाईल घेऊ?’ ही बूटपी पद्धत १९८५ सालची. उत्तर मिळालं की टीएफटीपी नावाच्या त्याहून जुन्या पद्धतीने फाईल येते. ५१२ बाइटचा एक तुकडा, त्याची पोच, मगच पुढचा तुकडा!

आम्ही लॅपटॉपला ठरावीक पत्ता दिला. डीएनएसमास्क हा एकच प्रोग्रॅम दोन्ही कामं करतो, तो चालू केला. ओपनडब्ल्यूआरटीची त्याच मॉडेलची, नुसत्या मेमरीत चालणारी फाईल तिथे ठेवली. तार जोडली, आणि काहीच होईना! दोन तास डोकं खाजवलं. शेवटी कळलं, राऊटर बिचारा हाका मारत होता, पण आमच्या फायरवॉलने दार लावून घेतलं होतं. ते तेवढ्यापुरतं उघडलं आणि फाईल सरसर गेली.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. टीएफटीपीला पासवर्ड नसतो, आणि हाकेला जो आधी ओ देईल त्याचंच राऊटर ऐकतो. म्हणून हा उद्योग घरच्या नेटवर्कवर करू नका. लॅपटॉप आणि राऊटर यांच्यात एकच तार ठेवा, वायफाय बंद करा. दुसरं म्हणजे, मेमरीतलं सॉफ्टवेअर वीज बंद होताच पुसलं जातं. सगळं ठीक चालतंय हे पाहून मगच ते कायमचं लिहून घ्या. आम्ही ते रात्री दीड वाजता केलं, या खेपेला लाईट जाऊ नये म्हणून देवाचं नाव घेत!

रविवारी आजी वेळेवर आल्या. ‘आवाज येतोय का रे पोरांनो?’ असं त्यांनी विचारलं आणि सगळी पोरं एकदम ‘हो’ म्हणाली. रात्रीचं जागरण तिथेच फिटलं.

तुमच्याही अडगळीत असा एखादा राऊटर पडला असेल, तर टाकून देण्याआधी शाळेत घेऊन या. एकदा हाक मारून बघू.